विहिरीवरचा सा

इंदू गेली तेव्हा भेटायला आलेल्यांपैकी बहुतेकजण चहाचा कप खाली ठेवता ठेवता एकच वाक्य म्हणाले, ‘सुटली बिचारी.’ माझी धाकटी बहीण एकसष्ट वर्षांची होऊन गेली. चार दिवस ताप आला, पाचव्या दिवशी पहाटे ती गेली. कशातून सुटली, हे मी कुणाला विचारलं नाही. मी मुळात कमी बोलते, आणि दुःखाच्या घरी आलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो एवढं मला कळतं. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. तेराव्यानंतर घर रिकामं झालं तेव्हा वाटलं, मला आठवतं तेवढं तरी लिहून काढावं. सगळं आयुष्य नाही, ते माझ्याच्याने होणार नाही. फक्त ती दहा वर्षांची आणि मी पंधराची असतानाचं ते एक वर्ष, मळ्यातलं.

आमचा मळा मखमलाबादच्या वाटेवर होता. चार खोल्यांचं घर, गोठा, विहीर, आणि बाकी सगळी फुलं: झेंडू, शेवंती, निशिगंध, कडेला थोडे गुलाब. नाना, म्हणजे माझे वडील, उजाडायच्या आत टोपल्या घेऊन गंगेवरच्या बाजाराला जायचे. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. आई आणि मी ओसरीवर हार ओवायला बसायचो. बोटांना झेंडूचा कडवट वास कायमचा बसलेला असायचा. भाकरी मोडली की तोंडात आधी झेंडू यायचा आणि मग बाजरी. मला तो वास आवडत नसे. आता बाजारात कुणी झेंडूची पाटी घेऊन शेजारून गेलं की मी दोन पावलं त्याच्या मागे चालत जाते, ते वेगळं.

इंदूला चारपर्यंत मोजता यायचं. पाचपासून पुढचं सगळं तिच्यासाठी ‘लय’ होतं. झग्याची बटणं तिला लावता येत नसत, डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात जायची, आणि अक्षरं तर तिच्या पाटीवर उभीच राहत नसत. पहिलीत ती तीनदा बसली. तिसऱ्या वर्षी शाळेतल्या गुरुजींनी नानांना बोलावून सांगितलं, “शेठ, पोरगी गुणाची आहे, पण मंद आहे. उगाच बाकावर जागा अडवून बसते.” आता या गोष्टीला पुष्कळ नावं निघाली आहेत, तपासण्या आहेत, शिकवायच्या निराळ्या पद्धती आहेत. मी पुढे आयुष्यभर ग्रंथालयात काम केलं, तेव्हा या विषयावरची पुस्तकं आली की नोंद करायच्या आधी मी घरी नेऊन वाचत असे. त्यातल्या कुठल्याच पुस्तकात मला इंदू पूर्ण सापडली नाही. पण तेव्हा आमच्याकडे तो एकच शब्द होता, मंद, आणि तो ऐकून नाना टोपी काढून पुन्हा घालत घरी आले.

हार ओवताना मात्र ती चुकत नसे. आमच्या एका गिऱ्हाइकाला पाच झेंडू आणि एक पांढरी शेवंती असा हार लागायचा. पाच मोजता न येणारी पोर हा हार न चुकता कशी ओवते, याचं मला फार कुतूहल होतं. एकदा मी वही घेऊन तिच्या मागे बसले. तेव्हा लक्षात आलं की ती ओवताना ओठ मिटून गुणगुणते. झेंडूला खालचा सूर, पाचदा, आणि शेवंतीला एकदम वरचा. शेवंतीची वेळ झाली की तिचा गळाच वर जायचा आणि हात आपोआप पांढऱ्या ढिगाकडे वळायचा. मी आईला दाखवलं. आई म्हणाली, “मला कधीचं माहीत आहे ते. तू वहीत कशाला लिहितेस?”

विहिरीवर विजेची मोटर होती. नानांनी बटण दाबलं की आधी एक हुंदका द्यायची आणि मग अखंड गुणगुणत राहायची. आम्हाला तो आवाज ऐकूच येत नसे, इतकी सवय. इंदू मोटर सुरू झाली की हातातलं टाकून विहिरीवर जाऊन बसायची आणि त्या गुणगुणण्यात आपला आवाज मिसळायची. शब्द नसत. नुसता ‘आ’कार. तो आवाज मोटरीवरून वर जायचा, कुठेतरी रेंगाळायचा आणि पुन्हा मोटरीत येऊन असा विरघळायचा, की ती कधी थांबली ते कळत नसे. संध्याकाळी आजूबाजूच्या सगळ्या मळ्यांतल्या मोटरी चालू झाल्या की ती कधीकधी मधेच गप्प व्हायची आणि सांगायची, “दमली.”

“कोण दमली गं?” आई विचारायची.

“मोटर.”

आम्ही हसायचो. आमच्या गोठ्याशेजारच्या खोलीत देवरेमामा भाड्याने राहत. ते सटाण्याकडचे, ‘आहे’ला ‘शे’ म्हणणारे, ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर होते. ते मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, “लाइट कमी आला की मोटर हळू फिरते, सूर खाली बसतो. खरं शे तिचं. पण इतकुसा फरक हिला ऐकू येतो?” आणि ते इंदूकडे असे बघत राहिले, जसं त्यांनी कारखान्यात एखादं नवं यंत्र पाहिलं असतं.

मामांचा रविवारचा उद्योग म्हणजे पेट्या दुरुस्त करणं. आसपासच्या भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्याकडे यायच्या. ते पेटी उघडून पितळेच्या बारीक पट्ट्या, ज्यांना ते ‘सूर’ म्हणत, एकेक बाहेर काढत आणि इवल्याशा कानशीने घासत. टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. इंदू शेजारी उकिडवी बसायची. मामांनी पट्टी फुंकून पाहिली की ती सांगायची, “रडते.” मामा आणखी दोनदा कानस फिरवायचे. “अजून रडते.” पुन्हा एकदा. “हसली.” मग ते तो सूर बाजूला ठेवायचे. पुढेपुढे स्वतःच्या कानाने पाहायचं त्यांनी सोडूनच दिलं. जत्रेत फुटलेल्या एका पेटीचा सांगाडा त्यांच्याकडे पडून होता. त्यात इकडचे तिकडचे जुने सूर बसवून त्यांनी तिच्यासाठी एक पेटी तयार केली. ते काम विहिरीजवळच्या चिंचेखाली चाले, कारण उजेड तिथे चांगला. मोटर चालू असायची, इंदू ‘रडते, हसली’ सांगत असायची, आणि मामा घासत असायचे. पेटी पुरी झाली तेव्हा बोटाने दाबायच्या सगळ्यात वरच्या पट्टीसाठी सूर उरला नाही. ती तशीच मुकी राहिली.

सा रे ग म ही नावं तिच्या तोंडात बसली नाहीत. तिने पट्ट्यांना आपली नावं दिली. खालची जाड आवाजाची ‘मोटर’. तिच्या वरची एक ‘आई’, एक ‘नाना’, एक ‘गंगी’ म्हणजे आमची गाय, एक ‘मामा’, एक ‘शेवंती’. मी वहीत सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, “आणि मी कुठली?” घरात मला आक्का म्हणत. इंदूने क्षणभरही विचार न करता सगळ्यात वरची मुकी पट्टी दाबली. “ही आक्का.” मामा इतके हसले की त्यांना खोकला आला. आई म्हणाली, “बरोबर आहे की. हिच्या तोंडात शब्द कधी असतो? सदा पुस्तकात डोकं.” मी वही मिटली. मला राग आला होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

त्या वर्षी पितृपक्षाच्या आधी देवळ्याची आत्या आली. नानांची मोठी बहीण, मूलबाळ नसलेली विधवा, कांद्याचं चांगलं शेत असलेली. जेवायला हुलग्याचे शेंगोळे होते. आत्या ताटावर बसूनच म्हणाली, “नाना, हिला माझ्याकडं दे. कांदा निवडायला बसवीन, कांद्याच्या चाळीत सावलीत बसंल, दोन घास खाईल. इथं बाजारात, रस्त्यावर, तुमचं लक्ष राहतं का? आज लहान हाय. उद्या मोठी झाली म्हंजी?”

नानांनी ताटातला शेंगोळा मोडला. आत्या पुढे म्हणाली, “आन् तुमच्यामागं हिचं कोण?”

आत्या वाईट नव्हती, हे मला लिहून ठेवलं पाहिजे. तो प्रश्न नाना रोज स्वतःला विचारत असणार. देवळ्याला पेटी नव्हती, मामा नव्हते. आत्याची विहीर गावाबाहेर होती आणि तिथे बैलांची मोट चाले. मी इंदूकडे पाहिलं. ती शेंगोळ्याचा रस बोटाने चाटत होती.

मामांनी मध्यस्थी केली. पंचवटीत गाण्याच्या एक बाई होत्या, टिपणीसबाई. मामांनी एकदा त्यांच्या पेटीचा भाता शिवून दिला होता. ते नानांना म्हणाले, “भाऊ, एकदा बाईंच्या कानावर घालू. त्यांनी शिकवते म्हटलं तर पोरीला काही दिशा मिळेल. नाही म्हटलं तर तुम्ही आणि आत्या बघा.” नाना म्हणाले, “दसऱ्यापर्यंत बघू. नाहीतर दसरा करून आत्या घेऊन जाईल.” म्हणजे इंदूचं सगळं आता बाईंच्या एका होकारावर आलं.

आणि इथे मी मध्ये पडले. मला वाटलं, बाई शिकलेल्या, त्या विचारणार सा कुठला, रे कुठला. तिथे ही ‘मोटर’ आणि ‘गंगी’ म्हणाली तर हसं होईल. मी कागदाचे तुकडे कापले, त्यांवर सा, रे, ग, म लिहिलं आणि खळ लावून पट्ट्यांवर चिकटवले. इंदूने ते नखाने काढून टाकले. पुन्हा चिकटवले, पुन्हा काढले. तिसऱ्या वेळी कागद चिकटवून मी पेटी उचलून आईच्या लोखंडी पेटाऱ्यात ठेवली, कुलूप लावलं आणि तिला पाटी दिली. “सा लिही. सा लिहिलास की पेटी.” मला ही युक्ती फार हुशारीची वाटली होती. तिला जे हवं ते माझ्या हातात होतं. त्याच्या बदल्यात ती अक्षरं शिकेल, गाणं येईल, शाळेतही जाईल. पुढे पुस्तकांतून मला कळलं की माझ्यासारखं करणारी मोठमोठी शहाणी माणसं होऊन गेली. मला त्याने बरं वाटलं नाही.

तिने सा लिहिला नाही. पाटी मांडीवर घेऊन बसायची, पेन्सिल तोंडात धरायची. तीन दिवसांनी ती विहिरीवर जायची बंद झाली. मोटर चालू असली तरी ओसरीवरच बसायची. मग हार चुकायला लागले. शेवंती कधी तिसऱ्या झेंडूनंतर, कधी सातव्यानंतर. गिऱ्हाइकाने बाजारात नानांना ऐकवलं. आई म्हणाली, “हिच्यात काय बिनसलंय? भाकरी तशीच ठेवते.” मी म्हटलं, “अभ्यास करतेय.” मामांनी विचारलं तरी तेच सांगितलं. ते कारखान्यात जादा पाळीवर होते, त्यांना फुरसत नव्हती.

घटस्थापनेआधीच्या रविवारी नाना, मी आणि इंदू बाईंकडे गेलो. माझ्या हातात पाटी होती. आत एक मुलगी शिकत होती, म्हणून आम्हाला बाहेरच्या ओट्यावर बसवलं. ती मुलगी एका ठिकाणी सारखी घसरायची आणि बाई दर वेळी म्हणायच्या, “पुन्हा!” इंदू मान तिरपी करून ऐकत होती. मला वाटलं, पेंगते आहे.

बाई साठीच्या, पांढरं लुगडं, कडक आवाज. त्यांनी पेटीवर सूर धरला आणि म्हणाल्या, “हं बाळ, या सुरात सूर मिळव.”

इंदूने दोन्ही कान दाबून धरले. “रडते,” ती म्हणाली.

“कोण रडतंय?”

इंदूने पेटीकडे बोट केलं. बाईंचा चेहरा उतरला. “गेल्याच महिन्यात पुण्याहून लावून आणली आहे मी ही.” त्यांनी पुन्हा सूर धरला. इंदू उठून दाराशी गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी तिच्या पुढ्यात पाटी धरली, कानात कुजबुजले, ‘इंदू, सा म्हण, मी पेटी देईन, आत्ताच्या आत्ता देईन.’ ती डोळे घट्ट मिटून होती. बाई नानांना म्हणाल्या, “ऐकायचीच तयारी नसेल तर शिकवणार कुणाला? मी दोष देत नाही. पण माझ्याकडे वेळ थोडा आहे हो.” नाना म्हणाले, “तसदी दिली.” येताना त्यांनी इंदूचा हात धरला होता. पंचवटी मागे पडल्यावर एवढंच बोलले, “दसरा झाला की जाऊ दे तिला.” घरी येऊन मी पेटाऱ्याचं कुलूप काढलं नाही. मला वाटत होतं, तिने मुद्दाम केलं.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या अवजारांची पूजा असते. कोयते, विळे, खुरपी, काटा, नानांची सायकल, सगळं धुऊन ओळीने मांडायचं. विहिरीवरच्या मोटरीला हळद-कुंकू आणि झेंडूचा सगळ्यात मोठा हार. त्या दिवशी मोटर चालवायची नाही, तिला सुट्टी. मामांनी आपल्या कानशी मांडल्या आणि म्हणाले, “पेटी कुठे शे? तीही आण. वाद्याला आज विसरायचं नसतं.” मला पेटारा उघडावा लागला. पट्ट्यांवर माझे कागद अजून होते. मामांनी ते पाहिले, कुलूप पाहिलं. “किती दिवस?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “वीस.” ते खाली बसून ओल्या फडक्याने एकेक कागद पुसून काढत राहिले. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

जेवणं झाली. आत्या आदल्या दिवशीच आलेली, ती आणि आई ओसरीवर दसऱ्याच्या फुलांचे ढीग करत होत्या. दुपार अशी शांत होती की मळा परका वाटत होता. मोटरीचा आवाज आम्हाला कधी ऐकू येत नसे, पण तो नसल्याचं त्या दिवशी सगळ्यांना जाणवलं. मी दाराशी पुस्तक घेऊन बसले होते. एवढ्यात गोठ्यातून नानांचा आवाज आला, “अरे, कुणी चालू केली? आज खंडेनवमी ना! कुणी बटण दाबलं?”

मीही ऐकलं. मोटर चालू होती. तोच अखंड गुणगुणणारा आवाज. नाना तावातावाने विहिरीकडे धावले, मी त्यांच्या मागे. विहिरीवर मोटर गळ्यात हार घालून गप्प बसली होती. हाराचं एक फूलही हलत नव्हतं. नानांनी बटण पाहिलं, ते बंद होतं. त्यांनी मोटरीवर हात ठेवला. गार. आणि आवाज चालूच. ते माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे. नाना देवभोळे नव्हते, पण त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला अजून दिसतं.

आवाज चिंचेच्या आडून, पूजेच्या चौरंगापासून येत होता. इंदू पेटीपुढे बसली होती. एका हाताने भाता, दुसऱ्या हाताचं एकच बोट खालच्या जाड पट्टीवर. सोडत नव्हती. नानांना पाहून तिने सांगितलं, “मोटर झोपली. मी चालवते.”

आणि ती गायला लागली. इतक्या दिवसांनी.

मामा तिथेच होते. त्यांच्याकडे तोंडाने फुंकायच्या दोन पितळी पट्ट्या होत्या, पक्क्या सुराच्या, त्यांच्याशी ताडून ते पेट्या लावायचे. त्यांतली एक त्यांनी खिशातून काढली आणि हळूच फुंकली. जुळेना. दुसरी फुंकली. तीही नाही. त्यांनी कपाळावर हात मारला. “भाऊ, ही पेटी ना पांढरी पाचात शे, ना तिच्या लगतच्या काळी चारात. दोन्हीच्या मधे शे. मोटरीचा सूर बरोबर तिथे पडतो. विहिरीवर बसून मी ही पेटी लावली, आणि पोरीने प्रत्येक सूर मोटरीशी जुळवून घेतला. मी आपला घासत गेलो. ताडून पाहायचं राहूनच गेलं. फिटर म्हणवतो मी स्वतःला!”

“म्हणजे पेटी बिघडली?” नानांनी विचारलं.

“बिघडली नाही. सगळे सूर आपापसांत पक्के जुळलेले शेत. फक्त बाईंची पेटी हिच्यापेक्षा केसभर वर. हिला ती रडल्यासारखीच ऐकू येणार.”

आत्या ओसरीवरून म्हणाली, “एवढ्याशा फरकानं काय होतं रे?” मामा म्हणाले, “आत्या, चपलेत खडा केवढा असतो?”

दसऱ्याच्या संध्याकाळी लोक एकमेकांकडे आपट्याची पानं, म्हणजे सोनं, द्यायला जातात. त्या दिवशी कुणाच्याही दारात जाता येतं, आदल्या वेळी तिथून कसेही परतलेले असा. मामांनी ही सवड बरोबर हेरली. पेटी कशी न्यायची हा प्रश्न नानांनीच सोडवला. त्यांनी डोक्यावर चुंबळ ठेवली आणि फुलांची पाटी उचलावी तशी पेटी डोक्यावर घेतली. पहाटेपासून फुलं विकून दमलेला माणूस पेटी घेऊन पंचवटीपर्यंत चालत गेला. वाटेत ओळखीचे विचारत होते, “नाना, आज हा कुठला माल?” नाना म्हणाले, “घरचाच आहे.” माझ्या हातात या खेपेलाही पाटी होती. का घेतली होती ते मला सांगता येणार नाही. सवयीने.

बाईंनी सोनं घेतलं, हातावर साखर दिली आणि पेटीकडे पाहून भुवया वर केल्या. मामांनी सगळं सांगितलं. बाईंनी पेटीचा एक सूर दाबून पाहिला, मग दुसरा, मग तिसरा. “आपापसांत चोख आहेत,” त्या पुटपुटल्या. मग म्हणाल्या, “विहिरीचा सा! हे मी पहिल्यांदा ऐकतेय.” मला वाटलं, आता हसतील. त्या उठल्या, कोपऱ्यातला तंबोरा आणला, पुढ्यात घेऊन बसल्या आणि इंदूला म्हणाल्या, “तुझी मोटर चालू कर.”

इंदूने खालची पट्टी धरली. बाई खुंट्या पिळू लागल्या. एकेक तार त्यांनी सैल केली, कान लावला, पुन्हा किंचित आवळली. पुण्याहून आलेल्या आपल्या पेटीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. शेवटी तंबोरा छेडला आणि खोलीत आमची विहीर आली. दुसरा शब्द मला सापडत नाही. इंदूने पट्टी सोडली, तरी आवाज राहिला. तिने तंबोऱ्याच्या भोपळ्याला हात लावला. “मोटर,” ती म्हणाली आणि हसली.

मग ती गायली. आम्ही मळ्यात ऐकलेलं काही नव्हतं. त्या रविवारी ओट्यावर बसून जे ऐकलं होतं ते, त्या दुसऱ्या मुलीचा सगळा धडा. तो तिने बाईंच्या सुरातून उचलून आपल्या सुरात आणून ठेवला होता. ती मुलगी जिथे घसरायची तिथे इंदूही अगदी तशीच घसरली, थांबली, बाईंच्या कडक आवाजात म्हणाली, “पुन्हा!” आणि मग तीच जागा सरळ, स्वच्छ घेऊन पुढे गेली.

 मग बाईंचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या, डोळे पुसत होत्या. “मी अशी ओरडते होय गं?”

“हो,” इंदू म्हणाली.

“आणि चूक का घेतलीस? बरोबर येत असताना?”

“ती तशी म्हणते.”

बाई नानांकडे वळल्या. “सोमवारपासून पाठवा. किती पुढे जाईल ते मला माहीत नाही. मी असं मूल शिकवलेलं नाही, मलाच शिकावं लागेल.” मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. “तू कोण?”

“बहीण.”

“ही पाटी कशाला?”

मी पाटी पाठीमागे नेली. बाईंना बहुतेक उमगलं. आवाज जरा खाली आणून त्या म्हणाल्या, “अक्षरं शिकव तिला, जरूर शिकव. पण गाण्याच्या बदल्यात नको.” परत येताना वाटभर मी पाटी पदराखाली झाकून धरली होती.

घरी खापरावरची पुरणपोळी झाली होती. नानांनी आत्याला सगळं सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं, पोळीवर तूप घेतलं आणि म्हणाली, “बरं झालं. गाऊ दे. पर माझ्या सवालाचं उत्तर कुठं मिळालं? गाणं काय हिला म्हातारपणी पाणी देणार हाय? तुमच्यामागं हिचं कोण?”

“मी,” मी म्हटलं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. त्या घरात इतक्या मोठ्याने मी त्याआधी बोलले नव्हते. आत्याने आपल्या ताटातली अर्धी पोळी मोडून माझ्या ताटात ठेवली. सकाळी ती एकटीच देवळ्याच्या गाडीत बसली.

इंदू मोठी गायिका झाली नाही. बाईंकडे ती त्या असेपर्यंत गेली. पुढे वर्गातल्या मुलींच्या मागे तंबोरा धरून बसू लागली. कुणाचा सूर हलला की तिच्या कपाळावर आठी यायची आणि मुली त्या आठीला बाईंपेक्षा जास्त घाबरायच्या. मामांच्या पेट्यांना ‘रडते, हसली’ सांगायची. दुसऱ्या सुरांत गायला ती शिकली, त्याला चार वर्षं लागली. तिच्या डोक्यात नेमकं काय चालायचं, तो सगळा धडा तिने उचलून दुसरीकडे कसा ठेवला, हे मी आयुष्यभर शोधत राहिले. मळा गेला, तिथे आता इमारती आहेत. आई-नानांनंतर ती माझ्याकडेच होती. ‘सा’ हे अक्षर ती पन्नाशीत एकदा आपणहून लिहून गेली, वर्तमानपत्राच्या कडेला, आणि पुन्हा कधी नाही. तो कागद माझ्याकडे आहे.

गेल्या आठवड्यात मी एका पेटी दुरुस्त करणाऱ्या तरुणाला बोलावलं, वाटलं, इंदूची पेटी कुठल्या तरी शाळेला देऊन टाकावी. त्याने फोनवर काटा बघत सगळे सूर तपासले आणि म्हणाला, “आजी, ही पांढरी पाचातही नाही आणि काळी चारातही नाही. सगळी नव्याने लावावी लागेल. आणि ही वरची पट्टी मुकी आहे, हिलाही सूर बसवून देतो.” मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, “राहू द्या. आहे तशीच ठेवते.”

तो गेल्यावर स्वयंपाकघरात फ्रिज सुरू झाला. मी खालची, ‘मोटर’ची पट्टी दाबून पाहिली. जुळली. वीज तीच, सूर तोच. इतकी वर्षं हा आवाज घरात होता आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. इंदू फ्रिजला पाठ टेकून का बसायची, ते तेव्हा कळलं. मग मी वरची मुकी पट्टी दाबली, जी तिने मला दिली होती. पन्नास वर्षं त्या पट्टीचा राग मी मनात ठेवला होता. भाता हलवला आणि पहिल्यांदाच कान खाली नेला. ती अगदी मुकी नव्हती. आतून हवा जात होती, कुणी शेजारी बसून श्वास घ्यावा तशी. इंदूला ती तेव्हाच ऐकू आली असणार.